सरहद्दीपलीकडचा प्रतिवादी

मोटारगाडीने माणसाचा प्रवास बदलला, शहरांची ठेवण बदलली, शेतमालाचे बाजार बदलले, हे आता कोणास नव्याने सांगावयास नको. परंतु तिने न्यायालयांच्या एका जुन्या, जवळजवळ सनातन अशा समजुतीलाही धक्का दिला, ही गोष्ट कायद्याच्या वर्तुळाबाहेर फारशी कोणाच्या ध्यानात आलेली दिसत नाही. ती समजूत अशी की, राजाची आज्ञा राज्याच्या शिवेपर्यंतच चालते. शिवेपलीकडच्या माणसाला न्यायालयाने बोलाविले, तरी त्याने यावेच असे नाही. आणि तो आला नाही म्हणून त्याच्यावर हुकूमनामा करण्याचा अधिकारही न्यायालयास नाही. घोड्याच्या आणि बैलगाडीच्या काळात ही समजूत बरीचशी निभावली. ज्याच्याशी तंटा व्हावयाचा तो बहुधा त्याच गावचा, निदान त्याच मुलखातला असे. मोटार आली, आणि सकाळी एका राज्यात न्याहारी करून निघालेला गृहस्थ दुपारी दुसऱ्या राज्यात कोणाचा तरी पाय मोडून रात्री तिसऱ्या राज्यातील आपल्या घरी सुखरूप जाऊन निजू लागला.

ज्याचा पाय मोडला त्याने मग दाद मागावी कोठे? स्वतःच्या गावी, अपघाताच्या जागी, की गाडीवाल्याच्या दाराशी? कोणाच्या न्यायासनापुढे मागावी? आणि दोन राज्यांचे कायदे भिन्न असतील तर त्यांपैकी कोणत्या कायद्याने मागावी? हे तीन प्रश्न दिसावयास वकिली वाटतात; पण दवाखान्याचे देणे अंगावर असलेल्या माणसाच्या दृष्टीने त्यांचे उत्तर म्हणजेच न्याय मिळणे वा न मिळणे. ज्या देशात हे प्रश्न सर्वांत तीव्रतेने उभे राहिले तो देश म्हणजे अमेरिकेची संयुक्त संस्थाने. त्या देशाने ते कसे सोडविले, आणि सोडविताना कोणकोणत्या अडचणींतून तो गेला, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

१

प्रथम अमेरिकेची घडण ध्यानात घेतली पाहिजे. तेथील प्रत्येक राज्य आपल्यापुरते सार्वभौम समजले जाते. त्याचे न्यायालय स्वतंत्र, आणि इजा, निष्काळजीपणा, नुकसानभरपाई यांविषयीचा कायदाही स्वतंत्र. एका राज्याच्या न्यायालयाने दिलेल्या निकालाचा इतर राज्यांनी मान राखला पाहिजे, असे राज्यघटनेच्या चौथ्या कलमाने सांगितले आहे खरे. पण त्यात एक अट गृहीत आहे. निकाल देणाऱ्या न्यायालयाला प्रतिवादीवर मुळात अधिकार असला पाहिजे. तो नसेल तर निकाल म्हणजे निव्वळ कागद.

हा अधिकार कशाने येतो, याचे उत्तर १८७८ साली पेनॉयर विरुद्ध नेफ या खटल्यात देण्यात आले. तो खटला मोटारीचा नव्हे, जमिनीचा. ऑरेगन राज्यातील एका वकिलाने आपल्या परगावी गेलेल्या अशिलावर फीच्या बाकीसाठी फिर्याद केली. समन्स त्याच्या हाती न देता वर्तमानपत्रात छापून बजावल्याचे दाखविले. आणि तीनशे डॉलरांहूनही कमी रकमेचा एकतर्फी हुकूमनामा मिळवून त्याची जमीन लिलावात काढविली. अशील परत येऊन पाहतो तो आपल्या जमिनीवर दुसराच मालक. सर्वोच्च न्यायालयाने त्याची जमीन त्याला परत दिली. न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांनी नियम घालून दिला तो असा: परराज्यातील माणसावर व्यक्तिशः हुकूमनामा करावयाचा तर त्याला समन्स त्या राज्याच्या हद्दीत प्रत्यक्ष हाती पडले पाहिजे, किंवा त्याने होऊन हजर झाले पाहिजे. त्याची मिळकत हद्दीत असेल तर ती दाव्याच्या आरंभीच जप्त करून तेवढ्यापुरता निकाल देता येईल, त्यापलीकडे नाही.

या नियमात एक मोठी न्यायबुद्धी होती, हे विसरून चालणार नाही. कोणी न पाहिलेल्या वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात चार ओळी छापून माणसाचे घरदार विकले जावे, याहून अन्याय तो कोणता? परंतु त्या न्यायबुद्धीबरोबरच भूमीचा एक यांत्रिक हिशेबही नियमात शिरला. हद्दीत सापडला तर अधिकार; हद्द ओलांडली की सारे संपले. हा हिशेब पुढे किती विलक्षण थरास जाऊ शकतो, याचे एक उदाहरण १९५९ सालचे आहे. मेम्फिसहून डॅलसला जाणाऱ्या विमानात बसलेल्या एका प्रतिवादीला, विमान आर्कान्सा राज्यावरून उडत असता, आकाशातच समन्स देण्यात आले. आणि तेथील संघीय न्यायालयाने ती बजावणी ग्राह्य धरली! राज्याची हद्द आकाशातही चालते, एवढाच त्याचा अर्थ. त्या माणसाचा आर्कान्सा राज्याशी आणखी संबंध काय, हा प्रश्न या हिशेबात बसत नव्हता.

२

विसाव्या शतकाच्या आरंभी रस्त्यांवर मोटारी दिसू लागल्या आणि फील्ड यांच्या नियमाची दुसरी बाजू उघडी पडली. परराज्यातील गाडीवाला अपघात करून निघून जाई. त्याला समन्स द्यावयास कोणी पोहोचण्यापूर्वीच तो सरहद्दीपार झालेला असे. जखमी माणसाला उरे एकच मार्ग: शेकडो मैलांवरील त्याच्या गावी जाऊन, तेथला वकील करून, तेथल्या पंचांपुढे फिर्याद मांडणे. साक्षीदार अपघाताच्या गावचे, डॉक्टर अपघाताच्या गावचा, रस्त्याचे वळण आणि उतार दाखवावयाचा तोही तेथेच; आणि खटला मात्र तिसरीकडे. धनवान माणसाला हे कदाचित जमेल. मजुराला जमणारे नव्हते, आणि रस्त्याने पायी चालणारे बहुधा धनवान नसतात.

राज्यांनी यातून वाट काढण्यास प्रारंभ केला तो हळूहळू. १९१५ साली मेरीलँडच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की, परराज्यातील मोटारवाल्यांकडून नोंदणी आणि फी मागण्याचा राज्याला अधिकार आहे. रस्ते राज्याचे, त्यांची झीज राज्याची, आणि धोकाही राज्यातील रहिवाशांना. पुढल्याच वर्षी न्यू जर्सीचा खटला आला. त्या राज्याने असे ठरविले होते की, परराज्यातील माणसाने आमचे रस्ते वापरण्यापूर्वी आमच्या राज्यसचिवाला समन्स स्वीकारण्यापुरता आपला मुखत्यार म्हणून लेखी नेमावे. तेही न्यायालयाने उचलून धरले. परंतु प्रत्येक सरहद्दीवर थांबून मुखत्यारपत्र लिहून देत प्रवास करावयाचा म्हटले, तर मोटारीचा उपयोग तो काय राहिला?

मॅसॅच्युसेट्स राज्याने १९२३ साली कायद्यात दुरुस्ती करून या अडचणीवर एक चतुर तोड काढली. परराज्यातील माणसाने आमच्या सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालविली, की त्या कृतीनेच त्याने मोटार-निबंधकास आपला मुखत्यार नेमले असे समजावे! कागद नको, सही नको. फिर्यादीने निबंधकाच्या कचेरीत समन्सची प्रत आणि दोन डॉलर फी ठेवावी, आणि प्रतिवादीला रजिस्टर टपालाने नोटीस व प्रत पाठवून पोचपावती न्यायालयात हजर करावी. प्रतिवादीला बचावासाठी पुरेसा अवधी मिळावा म्हणून तारखा वाढवून देण्याची तरतूदही त्यात होती.

या कायद्याची कसोटी हेस विरुद्ध पावलोस्की या खटल्यात लागली. पेन्सिल्व्हानियाच्या एका रहिवाशाच्या गाडीने मॅसॅच्युसेट्समधील हमरस्त्यावर एका माणसाला इजा झाली; दावा तेथेच वूस्टर येथे दाखल झाला. प्रतिवादीला राज्यात कोणी गाठले नव्हते, त्याची मिळकत जप्त केलेली नव्हती. तो केवळ हरकत घेण्यापुरता हजर झाला: आपल्यावर या न्यायालयाचा अधिकारच चालत नाही. १६ मे १९२७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही हरकत फेटाळली. न्यायमूर्ती पियर्स बटलर यांचे म्हणणे थोडक्यात असे की, मोटार ही कितीही कौशल्याने हाकली तरी धोक्याचीच वस्तू आहे. आपल्या रस्त्यांवरील धोका आवरणे हे राज्याचे कर्तव्य आहे. या कायद्याने परक्यावर अन्याय होत नसून परका आणि रहिवासी एका पातळीवर येतात. आणि लेखी नेमणूक मागता येते तर कृतीवरून ती गृहीत धरण्यात मोठासा फरक नाही.

येथे क्षणभर थांबून पाहावे. सरहद्द ओलांडून गाडी हाकणाऱ्या त्या गृहस्थाच्या मनात निबंधकाला मुखत्यार नेमण्याचा विचार स्वप्नातही आलेला नसणार. ही संमती कल्पित होती. कायद्याने त्याच्या तोंडी घातलेली होती. पण कायद्याच्या इतिहासात कल्पिताचे काम नेहमीच असे असते. जुना नियम मोडण्याचे धैर्य नसते आणि त्याच्यासह चालणेही अशक्य झालेले असते, तेव्हा कायदा नियम तसाच ठेवून वस्तुस्थितीलाच नवे नाव देतो. आपल्याकडील धर्मशास्त्राच्या टीकाकारांनीही हेच वेळोवेळी केलेले आहे.

पण कल्पिताला मर्यादा हवी, हे लगेच पुढल्या वर्षी स्पष्ट झाले. न्यू जर्सीतील एका रस्त्यावर घोडागाडीला मागून मोटारीची धडक बसली. मोटारवाला पेन्सिल्व्हानियाचा. समन्स राज्यसचिवाकडे देण्यात आले. परंतु त्या राज्याच्या कायद्यात प्रतिवादीला कळविलेच पाहिजे अशी अट नव्हती. १९२८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्दबातल ठरविला. सरन्यायाधीश टॅफ्ट यांच्या निकालाचे तात्पर्य असे की, मुखत्यार कल्पित असला तरी चालेल. खबर मात्र कल्पित असून चालणार नाही. जखमी माणसाला दाराशी न्याय मिळावा हे जितके खरे, तितकेच आपल्यावर फिर्याद झाल्याचे माणसाला कळावे हेही खरे. हे दोन निकाल एकमेकांशेजारी ठेवून वाचले म्हणजे या साऱ्या इतिहासाचे मर्म हाती येते.

थोड्याच वर्षांत बहुतेक सर्व राज्यांनी मॅसॅच्युसेट्सचा कित्ता गिरविला. आणि १९४५ साली एका पादत्राणांच्या कंपनीच्या खटल्यात सरन्यायाधीश स्टोन यांनी कल्पिताचा पडदाही दूर सारला. प्रतिवादी हद्दीत सापडला काय, त्याने संमती दिली काय, हे न विचारता विचारावयाचे ते एवढेच: त्या राज्याशी त्याचा संबंध असा आहे काय, की तेथे त्याच्यावर दावा चालविणे न्याय्य ठरेल? जे तत्त्व मोटारीच्या रस्त्यावर चाचपडत सापडले होते, ते असे सर्व व्यवहारांना लागू झाले.

३

कोठे, या प्रश्नाचे उत्तर मिळाले. आता दुसरा प्रश्न: कोणापुढे? परका माणूस स्थानिक पंचांपुढे आणि स्थानिक न्यायाधीशापुढे उभा राहिला, तर त्याला निःपक्षपाती न्याय मिळेल काय, ही शंका अमेरिकेच्या घटनाकारांनाही होती. म्हणून त्यांनी घटनेच्या तिसऱ्या कलमात अशी सोय ठेवली की, भिन्न राज्यांच्या नागरिकांतील तंटे संघीय न्यायालयांपुढे चालावेत. १७८९ च्या कायद्याने यासाठी तंट्याची रक्कम पाचशे डॉलरांहून अधिक असली पाहिजे अशी अट घातली; ती वाढत वाढत १९५८ साली दहा हजार, १९८८ च्या कायद्याने पन्नास हजार आणि १९९६ च्या कायद्याने पंचाहत्तर हजार डॉलरांवर गेली. सरन्यायाधीश मार्शल यांनी १८०६ साली आणखी एक अट स्पष्ट केली: एका बाजूचा कोणताही पक्षकार दुसऱ्या बाजूच्या कोणाच्याही राज्यातला असता कामा नये. दोन गाड्यांच्या धडकेत तीन प्रतिवादी असले, आणि त्यांतला एक जरी वादीच्याच राज्याचा निघाला, तर संघीय न्यायालयाचे दार बंद.

परंतु दार उघडल्यावर आत कोणता कायदा? १८४२ साली न्यायमूर्ती स्टोरी यांनी ठरविले होते की, राज्याच्या विधिमंडळाचा लेखी कायदा संघीय न्यायालयाने पाळावा. पण जेथे लेखी कायदा नाही, नुसते राज्याच्या न्यायालयांचे निर्णय आहेत, तेथे संघीय न्यायाधीशाने सर्वसामान्य तत्त्वे आपल्या बुद्धीने शोधावीत. परिणाम असा झाला की, एकाच गावात, एकाच रस्त्यावर, दोन न्यायालये दोन कायदे सांगू लागली. १९२८ साली याचा कळस झाला. केंटकी राज्यातील एका टॅक्सी कंपनीला रेल्वे स्टेशनावर एकट्यानेच धंदा करण्याचा मक्ता हवा होता. केंटकीची न्यायालये असा करार मानीत नसत. तेव्हा मालकांनी ती कंपनी मोडून शेजारच्या टेनेसी राज्यात पुन्हा नोंदविली, ‘परकी’ होऊन संघीय न्यायालयात फिर्याद केली, आणि जिंकली. न्यायमूर्ती होम्स यांनी या निकालास विरोध केला; पण बहुमत त्यांच्याबरोबर नव्हते.

दहा वर्षांनी हा नियम बदलला, आणि तो बदलण्यास निमित्त झाले एका जखमी माणसाचे. १९३४ च्या जुलै महिन्यात पेन्सिल्व्हानियातील ह्यूजटाऊन गावी एक तरुण रात्रीच्या वेळी रुळांच्या कडेच्या पायवाटेने घरी चालला होता. जाणाऱ्या मालगाडीतून बाहेर आलेले काहीतरी, बहुधा उघडे दार, त्याला लागले आणि त्याचा उजवा हात गेला. पेन्सिल्व्हानियाच्या न्यायालयांचे मत असे की, रुळांच्या कडेने चालणारा हा आगंतुक. त्याच्या बाबतीत कंपनीने जाणूनबुजून बेपर्वाई केली असेल तरच ती जबाबदार. त्याच्या वकिलांनी म्हणून न्यूयॉर्क गाठले. ईरी रेल्वे न्यूयॉर्कची कंपनी, वादी पेन्सिल्व्हानियाचा. संघीय न्यायालयाचे दार उघडेच होते. तेथील पंचांनी त्याला तीस हजार डॉलर दिले.

२५ एप्रिल १९३८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी सांगितले की, राज्यांच्या कायद्याहून वेगळा असा सर्वसामान्य संघीय कायदा नाहीच. संघीय न्यायालय केवळ निःपक्षपाती आसन देईल, कायदा मात्र राज्याचाच लावील. तीन वर्षांनी त्याला जोड मिळाली: दोन राज्यांच्या कायद्यांतून निवड करण्याचे नियमसुद्धा संघीय न्यायालयाने आपण ज्या राज्यात बसलो आहोत त्या राज्याचेच पाळावेत.

शास्त्रदृष्ट्या हा निर्णय थोर खरा. एका रस्त्यावर दोन कायदे राहिले नाहीत, आणि कंपन्यांनी राज्य बदलून न्याय बदलण्याचा धंदा बंद पडला. पण ज्याच्या नावाने हा निर्णय अमेरिकेतील प्रत्येक विधिमहाविद्यालयात शिकविला जातो, त्या माणसाच्या हाती मात्र काही उरले नाही. तीस हजारही गेले आणि हातही गेला. इतिहास लिहिताना तत्त्वाच्या विजयाचा जयजयकार करण्याची आपल्याला सवय असते. म्हणून ही एक ओळ मुद्दाम लिहून ठेवावीशी वाटते.

४

तिसरा प्रश्न कोणत्या कायद्याचा. जुना नियम सोपा होता: जेथे इजा झाली त्या भूमीचा कायदा. १९३४ साली अमेरिकन विधिसंस्थेने प्राध्यापक जोसेफ बील यांच्या नेतृत्वाखाली जो नियमसंग्रह सिद्ध केला त्यात हेच प्रमाण मानले होते. जमिनीला जागा असते, घराला जागा असते, तशी अपघातालाही जागा असते. मग वाद कशाला?

परंतु अपघाताची जागा ही पुष्कळदा केवळ योगायोगाची असते. १९६० च्या सप्टेंबरात न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरातून एक दांपत्य आपल्या ओळखीच्या बाईंना गाडीत घेऊन दोन दिवसांच्या सहलीस कॅनडात गेले. ऑन्टॅरिओ प्रांतात गाडी आवरेनाशी होऊन दगडी भिंतीवर आदळली आणि त्या बाईंना गंभीर दुखापत झाली. परत आल्यावर त्यांनी न्यूयॉर्कमध्ये फिर्याद केली. तेव्हा असे निघाले की, ऑन्टॅरिओच्या कायद्यानुसार फुकट नेलेल्या उतारूस गाडीवाल्याकडून भरपाई मागताच येत नाही. असे ‘पाहुण्यांचे कायदे’ अमेरिकेच्या अनेक राज्यांतही होते. त्यांच्या मागे दोन विचार होते: ज्याने आपल्याला आपुलकीने गाडीत घेतले त्याच्यावरच फिर्याद करणे हा कृतघ्नपणा, आणि गाडीवाला व पाहुणा संगनमत करून विमा कंपनीला फसवितील ही भीती.

१९६३ साली न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयाने बॅबकॉक विरुद्ध जॅक्सन या खटल्यात जुना नियम सोडला. न्यायाधीश फुल्ड यांनी विचारले की, यजमान न्यूयॉर्कचा, पाहुणी न्यूयॉर्कची, गाडीचा विमा न्यूयॉर्कचा, प्रवास सुरू झाला व संपावयाचा होता तोही न्यूयॉर्कात. मग न्यूयॉर्कच्या पाहुणीला भरपाई नाकारण्यात ऑन्टॅरिओला हित ते कोणते? गाडी कोणत्या बाजूने आणि किती वेगाने हाकावी, हा प्रश्न असता तर ऑन्टॅरिओचाच कायदा लागला असता. रस्ता त्यांचा आहे. पण यजमान आणि पाहुणा यांच्यातील देणेघेणे हे त्यांच्या स्वतःच्या घरचे आहे. एकाच अपघातातील निरनिराळ्या प्रश्नांना निरनिराळ्या भूमीचा कायदा लागू शकतो, हा विचार येथे प्रतिष्ठित झाला. १९७१ साली नवा नियमसंग्रह निघाला तो या विचाराला अनुसरून: ज्या राज्याचा त्या प्रश्नाशी सर्वांत जवळचा संबंध, त्याचा कायदा.

सगळ्यांनी मात्र तो स्वीकारला नाही. अलाबामा, जॉर्जिया, मेरीलँड, व्हर्जिनिया ही राज्ये जुन्या नियमालाच धरून राहिली. आणि हा भेद नुसता पंडितांचा नव्हे. मेरीलँड, व्हर्जिनिया, उत्तर कॅरोलिना आणि अलाबामा या राज्यांत अपघाताला वादीची थोडीशीही चूक कारण झाली असेल तर सामान्यतः त्याला भरपाई मिळत नाही. इतर बहुतेक राज्यांत त्याच्या चुकीच्या प्रमाणात ती कमी होते. म्हणजे नदीच्या या तीरावर धडक झाली तर शंभरातील नव्वद, आणि त्या तीरावर झाली तर शून्य! मुदतीचेही तसेच. इजेचा दावा टेनेसीत एका वर्षात आणला पाहिजे. मेन राज्यात सहा वर्षे मिळतात. घरच्या राज्याची मुदत मनात धरून स्वस्थ बसलेल्या माणसाचा दावा, अपघाताच्या राज्यात कालबाह्य झाल्याचे त्याला उशिरा कळते.

५

एकदा अंगणाबाहेर पडलेले तत्त्व कोठवर जाईल याला सुमार नसतो. १९६६ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने असा एक मार्ग काढला की, प्रतिवादीचा राज्याशी काहीही संबंध नसला तरी त्याची विमा कंपनी न्यूयॉर्कमध्ये धंदा करते ना? मग तिने त्याचा बचाव करण्याचे जे वचन दिले आहे तेच त्याची ‘मिळकत’ समजून जप्त करावे! अपघात व्हर्माँटमधला, प्रतिवादी कॅनडाचा, आणि खटला न्यूयॉर्कात. वादीच्या दुःखाकडे पाहिले तर ही युक्ती समजू शकते; पण तिने फील्ड यांच्या मूळ न्यायबुद्धीलाच हरताळ फासला.

२१ जानेवारी १९८० रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन निकाल देऊन मर्यादा आखली. एकाने विम्याच्या जप्तीची ही युक्ती घटनाबाह्य ठरविली. दुसरा निकाल न्यूयॉर्कात विकत घेतलेल्या एका गाडीचा. ते कुटुंब ॲरिझोनाला बिऱ्हाड हलवीत असता ओक्लाहोमात मागून धडक बसून गाडीने पेट घेतला आणि माणसे भाजली. त्यांनी ओक्लाहोमात फिर्याद केली. न्यायालय म्हणाले, न्यूयॉर्कातील ज्या विक्रेत्याने आणि वितरकाने ओक्लाहोमात कधी धंदा केला नाही त्यांना, केवळ गाडी तेथवर धावत गेली म्हणून, तेथे खेचता येणार नाही. गाडी चालविणारा आपण होऊन सरहद्द ओलांडतो. गाडी विकणारा ओलांडीत नाही. भाजलेल्या कुटुंबाला हा भेद कठोर वाटला असेल, यात शंका नाही.

आज म्हणून भिन्न राज्यांच्या रहिवाशांतील अपघाताचा दावा हाताळणारा अमेरिकन वकील याच इतिहासाच्या पायऱ्या एकामागून एक चढतो. अपघाताच्या राज्यात दावा आणता येतोच, हे हेस खटल्याचे देणे. प्रतिवादीच्या राज्यात तर पूर्वीपासूनच येतो. जखमीच्या स्वतःच्या गावी मात्र, प्रतिवादीचा तेथे काही संबंध नसेल तर, येत नाही. रक्कम पंचाहत्तर हजारांहून अधिक असली तर संघीय न्यायालयाचा पर्याय. राज्याच्या न्यायालयात आणलेला दावाही परका प्रतिवादी तेथे नेऊ शकतो, पण तो त्याच राज्याचा रहिवासी असेल तर नाही, कारण स्वतःच्या घरात त्याला पक्षपाताची भीती कसली? आणि कोठेही गेले तरी कायदा राज्याचा, मुदत तपासून.

६

आता आपल्याकडे वळू. आपला देशही राज्यांचा संघ आहे. पण आपली न्यायालये एका उतरंडीची आणि मोटारीचा कायदा सबंध देशाला एक. म्हणून अमेरिकेला छळणारे पुष्कळसे प्रश्न आपल्याकडे उद्भवतच नाहीत. १९०८ च्या दिवाणी व्यवहार संहितेच्या एकोणिसाव्या कलमाने वादीला मुभा दिली आहे की, इजा एका ठिकाणी झाली आणि प्रतिवादी दुसरीकडे राहतो, तर दावा दोहोंपैकी कोठेही आणावा. कलमाखालील दृष्टांतही मोठा सुटसुटीत आहे: दिल्लीत राहणाऱ्याने कलकत्त्यात कोणास मारले, तर मार खाणाऱ्याने दिल्लीत किंवा कलकत्त्यात फिर्याद करावी.

पण १९३९ च्या मोटार कायद्याखाली १९५६ साली न्यायाधिकरणांची तरतूद झाली तेव्हा अपघातांचे दावे या मुभेतून सुटले. अर्ज जेथे अपघात झाला तेथल्याच न्यायाधिकरणापुढे करावा लागे. १९८८ च्या कायद्यातही आरंभी तसेच होते. १९९४ च्या दुरुस्तीने हा दंडक गेला. आता जखमीने वा मृताच्या वारसाने अर्ज अपघाताच्या ठिकाणी करावा, स्वतः राहतो वा धंदा करतो तेथे करावा, किंवा प्रतिवादी राहतो तेथे करावा, निवड त्याची. २०१६ साली मालती सरदार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हुगळीच्या अपघाताचा अर्ज विमा कंपनीची कचेरी जेथे आहे त्या कोलकात्यात केला म्हणून तो फेटाळणे योग्य नव्हे; या कायद्याचा हेतू अपघातग्रस्तांना साह्य करण्याचा आहे, तांत्रिक हरकतींनी त्यांना परतवून लावण्याचा नाही. सहा महिन्यांची मुदत मात्र, जी १९९४ साली गेली होती, ती २०१९ च्या दुरुस्तीने पुन्हा आली आणि १ एप्रिल २०२२ पासून अमलात आली, हे ज्याने त्याने ध्यानात ठेवावे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला या बदलाचे मोल विशेष कळावे. आपले घर एका राज्यात, कुलदैवत दुसऱ्या राज्यात, लेक दिली ती तिसऱ्यात. इंदूरचे एखादे कुटुंब आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर असता सोलापूर जिल्ह्यात त्यांच्या गाडीला कर्नाटकातील ट्रकने धडक दिली, असे समजा. जुन्या कायद्याप्रमाणे घरचा कर्ता अंथरुणाला खिळलेला असताना तारखेतारखेला कोणीतरी सोलापूरची वाट धरावयाची, हाच मार्ग होता. आज इंदूरच्याच न्यायाधिकरणापुढे अर्ज करता येतो. जे अमेरिकेतील जखमीला आजही सहसा मिळत नाही ते आपल्याकडील जखमीला एका ओळीच्या दुरुस्तीने मिळाले. याचे श्रेय आपल्या शहाणपणाला जितके, तितकेच कायदा एक असण्यालाही आहे.

तरीही १९२८ चा तो घोडागाडीचा खटला आपणही विसरू नये. न्याय जखमीच्या दाराशी आला, हे चांगलेच झाले. पण मग दूरच्या गावच्या ट्रकवाल्याच्या दाराशी खबर वेळेवर, त्याला समजेल अशा भाषेत पोहोचली पाहिजे. तो गरीब असेल, नुसता पगारी हाक्या असेल, आणि त्याला मराठी वा हिंदी वाचता येत नसेल. सरहद्दीच्या अलीकडे दुखणाईत आहे, म्हणून पलीकडचा माणूस माणूस राहत नाही असे नाही. पन्नास वर्षांच्या खटल्यांतून अमेरिका जे शिकली ते एवढेच आहे, आणि पहिल्याच तारखेपासून ते पाळावयास आपल्याला कोणतीही सरहद्द आड येत नाही.